सर्व्हर-आज्ञावलीतील घोषणात्मक घटकरचना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्यातील करडी येथील एखाद्या शेतजमिनीचा सातबारा उतारा पाहिला असता जमीन कोणाची, क्षेत्र किती, पीक कोणते, एवढेच त्यावर आढळते. ती वारसाने आली की खरेदीने, याची हकीकत गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. उताऱ्यावर तिचा केवळ क्रमांक येतो. उतारा 'काय आहे' ते सांगतो, तर फेरफार 'कसे झाले' ते सांगतो. संगणकशास्त्रात हाच भेद घोषणात्मक व आदेशात्मक लेखन या नावांनी ओळखला जातो. वेब सर्व्हरची आज्ञावली घोषणात्मक घटकांच्या रूपात लिहिण्याची पद्धत नवी मानली जाते. हा समज इतिहासाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पूर्वेतिहास :

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानातून पुढे एसक्यूएल ही भाषा घडली. माहिती कशी शोधावी हे न सांगता कोणती हवी एवढेच लिहिण्याची सवय तिने लावली. वेबच्या क्षेत्रात १९९५ मध्ये आलेल्या अपाची सर्व्हरची संरचना-फाईल त्याच जातीची होती. डिरेक्टरी, लोकेशन यांसारखे कोनी कंसांतील विभाग लिहून सर्व्हरचे वर्तन घोषित केले जाई. मात्र हे विभाग लिहिलेल्या क्रमाने लागू होत नाहीत. डिरेक्टरी विभाग आधी आणि लोकेशन विभाग नंतर, हा क्रम सर्व्हरच ठरवितो. परिणामी फाईलीत आरंभी लिहिलेला लोकेशन विभागही पुढे लिहिलेल्या डिरेक्टरी विभागातील निर्बंध शिथिल करू शकतो.

घटकरचनेचा प्रवास :

१९९५ मध्येच आलेल्या कोल्डफ्यूजनमध्ये डेटाबेसला विचारावयाचा प्रश्नही एचटीएमएलसारख्या टॅगमध्ये लिहिता येई. जावाच्या २००२ मधील प्रमाणित टॅग-संग्रहातही अशी सोय होती. फेसबुकने २०१० मध्ये पीएचपीसाठी एक्सएचपी ही रचना खुली केली आणि २०१३ मध्ये रिअॅक्टसोबत जेएसएक्स वाक्यरचना आणली. डिसेंबर २०२० मध्ये रिअॅक्टचे 'सर्व्हर घटक' मांडले गेले आणि ब्राउझरसाठी प्रसिद्धी पावलेली ही रचना पुन्हा सर्व्हरकडे वळली. याच वाटेने सर्व्हरचे मार्गही घटकरूपात लिहिता येतात. 'प्रवेश-तपासणी' या घटकाच्या पोटात मार्गांचे घटक ठेवले, की कोणते मार्ग संरक्षित आहेत हे वाचणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळते. हा या पद्धतीचा खरा गुण होय.

महाराष्ट्रातील समांतर प्रयत्न :

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात याच प्रश्नाचा वेगळ्या अंगाने विचार झाला. तेथील विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांचा प्रतिमानाधारित विकसनावरील लेख २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रणालीचे वर्णन प्रतिमानांत करावे आणि त्यातून आज्ञावली यंत्राने निर्माण करावी, ही या विचारामागील भूमिका होती. वाक्यरचना निराळी असली तरी 'काय' आणि 'कसे' यांची फारकत हे सूत्र समान आहे.

मर्यादा :

सर्व्हरवरील पुष्कळ कामे क्रमाधीन असतात. शुल्क जमा झाल्याची खात्री आधी व पावती नंतर, हा क्रम घटकांच्या मांडणीने नाहीसा होत नाही. तो केवळ दृष्टीआड होतो. तो पाळण्याची जबाबदारी वर्णनाचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेवर जाते. डिसेंबर २०२५ मध्ये रिअॅक्टच्या सर्व्हर घटकांत १० पैकी १० तीव्रतेचा सुरक्षादोष जाहीर झाला. ब्राउझरकडून आलेल्या माहितीचा अर्थ लावणाऱ्या भागातच तो होता. त्यामुळे लॉगिन न करताही परक्याला सर्व्हरवर आपली आज्ञावली चालविणे शक्य होते. विकासकाने लिहिलेले घटक निर्दोष असूनही सर्व्हर असुरक्षित राहू शकत होता.

निष्कर्ष :

घोषणात्मक घटकरचना ही नवी क्रांती नसून जुन्या प्रवाहाचे नवे वळण आहे. तिच्यामुळे आज्ञावली सुवाच्य होते, परंतु सुवाच्यता म्हणजे विश्वासार्हता नव्हे. म्हणून पदवी स्तरावर ही वाक्यरचना शिकविताना तिच्या पाठीमागे काम करणारी यंत्रणाही शिकविणे अगत्याचे ठरते. उताऱ्यावरील नावाविषयी वाद उद्भवला, की अखेर फेरफाराची नोंदवही उघडावीच लागते.