विद्यार्थी खेळाडू आणि प्रसारमाध्यमे

विद्यार्थी खेळाडू आणि प्रसारमाध्यमे हा क्रीडापत्रकारिता, शिक्षणव्यवस्था आणि व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क या तिन्हींशी संबंधित विषय आहे. शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या वतीने स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूपर्यंत पत्रकारांनी कसे पोहोचावे, कोणती माहिती प्रसिद्ध करावी आणि त्यासाठी कोणाची संमती घ्यावी, हे प्रश्न त्यात येतात. पूर्वी खेळाडू आणि वाचक यांच्यामध्ये वार्ताहर, प्रशिक्षक व शिक्षणसंस्था उभ्या असत. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसारख्या समाजमाध्यमांमुळे खेळाडूला लोकांशी थेट बोलता येऊ लागले, तसेच अनोळखी लोकही कोणत्याही मध्यस्थाविना त्याच्यापर्यंत पोहोचू लागले. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीसारख्या दुर्गम आदिवासी भागांत या विषयाला भाषा, अंतर आणि पालकांची संमती असे आणखी पदर आहेत.

स्वरूप

विद्यार्थी खेळाडू हा व्यावसायिक खेळाडूपेक्षा दोन बाबतींत वेगळा असतो. एक, तो अनेकदा अठरा वर्षांखालील किंवा नुकताच सज्ञान झालेला असतो. दोन, त्याच्याकडे प्रसिद्धी सांभाळणारी व्यवस्था नसते. व्यावसायिक खेळाडूच्या करारात पत्रकार परिषदेस उपस्थित राहण्याचे कलम असू शकते. विद्यार्थ्यावर असे बंधन सहसा नसते. मात्र सत्कार, शिष्यवृत्ती, प्रायोजकत्व आणि पुढील निवड यांसाठी प्रसिद्धी उपयोगी पडते, म्हणून तो ती नाकारतही नाही. या असमान नात्यामुळे संमतीचा प्रश्न नाजूक बनतो.

ऑलिंपिक स्पर्धांत खेळाडू व पत्रकार यांच्या भेटीसाठी ‘मिक्स्ड झोन’ नावाची जागा राखलेली असते. स्पर्धा संपल्यावर खेळाडूला तेथून जावे लागते. परंतु थांबून बोलणे त्याच्या इच्छेवर असते. शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांत अशी आखलेली जागा क्वचितच असते. मैदानाची कड, बक्षीस समारंभाचा मंच किंवा वसतिगृहाची खोली हीच मुलाखतीची ठिकाणे ठरतात.

इतिहास

मुद्रित माध्यमांचा काळ

विद्यार्थी खेळाडूंची बातमी मराठी वृत्तपत्रांत प्रामुख्याने प्रसिद्धिपत्रकाच्या आधारे येत असे. महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक निकाल कळवीत, प्राचार्य व संस्थाचालक यांनी अभिनंदन केल्याचे एक वाक्य त्यास जोडले जाई आणि खेळाडूचे स्वतःचे म्हणणे त्यात क्वचितच असे. 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. परतल्यावर कराड येथे त्यांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले. त्या काळी खेळाडूची कीर्ती वृत्तपत्रांइतकीच अशा मिरवणुकांतून आणि लोकांच्या बोलण्यातून पसरत असे.

दूरचित्रवाणी आणि टोपणनावे

1972 साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि 1982 च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांपासून रंगीत प्रक्षेपण आले. खेळाडूचा चेहरा घराघरांत पोहोचला. पुढे उपग्रह वाहिन्यांच्या काळात ग्रामीण खेळाडूंना गावावरून किंवा प्रदेशावरून टोपणनाव देण्याची प्रथा रूढ झाली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांना ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हटले गेले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. या नावांनी दुर्लक्षित गावे नकाशावर आणली. त्याचबरोबर दारिद्र्य, अनवाणी धावणे आणि पाण्यासाठीची पायपीट यांभोवती गुंफलेली एक ठरावीक कथाही रूढ झाली. खेळाडूचे सराव-नियोजन, आहार किंवा डावपेच यांना त्या कथेत फारसे स्थान नसते.

समाजमाध्यमांचा काळ

सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. तालुका पातळीवरील शर्यतीचे चित्रीकरणही त्याच दिवशी हजारो लोकांपर्यंत जाऊ लागले. 2020 साली भुवनेश्वर येथे पहिली ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाली आणि विद्यापीठीय खेळाडूंना राष्ट्रीय पातळीवरील प्रक्षेपणाचे व्यासपीठ मिळाले. तोपर्यंत भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा महाराष्ट्रातील ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव यांचे वार्तांकन प्रायः स्थानिक आवृत्त्यांपुरते असे.

अमेरिकेतील व्यवस्था

महाविद्यालयीन खेळांचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग अमेरिकेत आहे. तेथे 1906 साली स्थापन झालेली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजेच एनसीएए, या खेळांचे नियमन करते. बहुतेक विद्यापीठांत खेळाडू व पत्रकार यांच्यात दुवा म्हणून काम करणारा माहिती विभाग असतो. मुलाखतीची विनंती त्या विभागाकडे करावी लागते. काही प्रशिक्षक प्रथम वर्षाच्या खेळाडूंना पत्रकारांपासून दूर ठेवतात, तर काही संघ हंगामात समाजमाध्यमे न वापरण्याचा संकेत पाळतात. विद्यार्थ्याकडे त्याच्या खात्याचा पासवर्ड मागण्यास विद्यापीठांना मनाई करणारे कायदे 2012 साली कॅलिफोर्निया व डेलावेअर या राज्यांनी केले.

1 जुलै 2021 पासून विद्यार्थी खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा व ओळख यांच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या हीच कमाईचे साधन बनली आणि मुलाखत देण्यापेक्षा स्वतःची चित्रफीत प्रसारित करणे खेळाडूंना अधिक लाभदायक ठरू लागले. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातील वाटाही थेट देऊ शकतात. दुसऱ्या बाजूने, सट्टा लावणाऱ्यांकडून पराभवानंतर खेळाडूंना शिवीगाळ व धमक्यांचे संदेश येण्याचे प्रकार वाढले. 2024 साली एनसीएएच्या अध्यक्षांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील सट्टा बंद करण्याची मागणी राज्यांकडे केली.

भारतातील उल्लेखनीय प्रसंग

द्युती चंद: 2014 साली ओडिशाच्या या धावपटूस शरीरातील संप्रेरकांच्या प्रमाणावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. तिच्या वैद्यकीय तपासणीची चर्चा नावानिशी माध्यमांत झाली. 2015 साली क्रीडा लवादाने संबंधित नियम स्थगित केला. पुढे विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणून ती 2020 च्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत धावली. खेळाडूची वैद्यकीय माहिती ही बातमी आहे की खासगी बाब, हा प्रश्न या प्रकरणाने भारतात ठळकपणे पुढे आणला.

दिव्या देशमुख: जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेनंतर नागपूरच्या अठरा वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी इन्स्टाग्रामवर आपला अनुभव लिहिला. प्रेक्षक डावापेक्षा आपले कपडे, केस व उच्चार यांकडे अधिक लक्ष देतात आणि महिला खेळाडूंना हे नित्याचे झाले आहे, असा त्याचा आशय होता. वृत्तसंस्थांनी त्या मजकुरावरूनच बातम्या दिल्या. खेळाडूने स्वतः विषय ठरवावा आणि माध्यमांनी त्यामागे जावे, असा हा क्रम पूर्वीच्या रीतीच्या उलट होता. जुलै 2025 मध्ये दिव्या यांनी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला.

अभिनंदनपर जाहिराती: 2021 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधू आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर मनू भाकर यांची छायाचित्रे करार नसलेल्या कंपन्यांनी अभिनंदनाच्या निमित्ताने वापरली. दोन्ही वेळी खेळाडूंच्या व्यवस्थापन संस्थांनी कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. अशी संस्था पाठीशी नसलेल्या विद्यार्थी खेळाडूंचे छायाचित्र खासगी शिकवणी वर्ग, अकादमी किंवा राजकीय फलकांवर वापरले गेल्यास सहसा तक्रार होत नाही.

मोलगी व सातपुडा परिसर

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याच्या डोंगररांगांतील गाव व बाजारपेठ आहे. अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने तेथे जावे लागते. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनाने नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 48 हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक, तर साक्षरता सुमारे 64 टक्के होती. जिल्ह्यातील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

या भागातील अनेक मुलांच्या खेळाची सुरुवात आश्रमशाळेत होते. आदिवासी विकास विभागाच्या क्रीडा स्पर्धा प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पातळ्यांवर होतात. त्यांतून पुढे आलेली मुले शिक्षण व सरावासाठी मोठ्या गावांकडे जातात. आदिवासी विद्यार्थ्यांचे यश राज्यभर गाजल्याचे मोठे उदाहरण मात्र दुसऱ्या टोकाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. 2018 साली ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमात तेथील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले.

दुर्गम भागातील विद्यार्थी खेळाडू व माध्यमे यांच्या संबंधात पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

भाषा: मोलगी परिसरात भिली व पावरी या बोली घरोघर बोलल्या जातात. मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते. स्पर्धा संपताच कॅमेऱ्यासमोर मराठी किंवा हिंदीत विचारलेल्या प्रश्नांना मिळणारी त्रोटक उत्तरे लाजाळूपणाची किंवा अज्ञानाची समजली जातात. बोली जाणणारी व्यक्ती सोबत असल्यास तोच खेळाडू मोकळेपणाने बोलतो.

नावाची अचूकता: वसावे, पाडवी, वळवी, तडवी, पावरा ही आडनावे या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतात आणि एकाच शाळेत समान नावाचे अनेक विद्यार्थी असू शकतात. सीमेपलीकडे गुजरातेत ‘वसावे’चे ‘वसावा’ होते. म्हणून पाड्याचे व शाळेचे नाव तपासल्याशिवाय दिलेली बातमी दुसऱ्याच्याच नावावर जाण्याचा धोका असतो.

पालकांची संमती: अनेक कुटुंबे हंगामी मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. मूल निवासी शाळेत आणि पालक परगावी असताना छायाचित्र किंवा मुलाखतीस संमती मुख्याध्यापक अथवा अधीक्षक देतात. संस्थेची परवानगी ही पालकांची संमती नव्हे, हा भेद व्यवहारात पुसट होतो.

जोडणी: डोंगराळ रचनेमुळे मोबाइलची सेवा सर्वत्र सारखी मिळत नाही. आपल्याविषयी काय प्रसिद्ध झाले हे खेळाडूच्या घरी उशिरा कळते. मजकूर चुकीचा असल्यास दुरुस्ती मागण्यापूर्वी तो सर्वदूर पसरलेला असतो.

चित्रण: पारंपरिक वेश, झोपडी व डोंगर हीच दृश्ये खेळाडूच्या ओळखीसाठी निवडली जातात. काठी येथील प्रसिद्ध होळीसारख्या उत्सवांचे चित्रण करण्यास सरावलेली नजर खेळाडूकडेही त्याच कुतूहलाने वळते आणि त्याची खेळातील कामगिरी मागे पडते.

दुसरीकडे प्रसिद्धीचे लाभही खरे आहेत. बातमीमुळे बूट, आहार, प्रवासखर्च यांसाठी मदत मिळाल्याची आणि रखडलेल्या क्रीडांगणाकडे प्रशासनाचे लक्ष गेल्याची उदाहरणे राज्यात अनेक आहेत. मात्र वृत्तपत्रातील कात्रण हे अधिकृत प्रमाण नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी क्रीडा विभागाने पडताळलेले स्पर्धेचे प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते.

कायदेशीर चौकट

विद्यार्थी खेळाडू व माध्यमे यांविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही. पुढील तरतुदी लागू पडतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालील मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, 2012 च्या कलम 23 नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. प्रशिक्षकाविरुद्धच्या तक्रारींच्या वार्तांकनात ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कारण लहान गावात संघाचे व खेळाचे नाव दिले तरी ओळख पटते.

उत्तेजक द्रव्यांविषयीच्या जागतिक संहितेत सर्वसाधारण खेळाडूचा नियमभंग जाहीर करणे बंधनकारक आहे. अल्पवयीन खेळाडूच्या बाबतीत तसे बंधन नाही.

समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. भेट म्हणून मिळालेल्या बुटांची चित्रफीत टाकणारा विद्यार्थीही या सूचनांच्या कक्षेत येऊ शकतो.

मतभेद

माध्यमांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याच्या बाजूने असे म्हटले जाते की, पराभवानंतर लगेच विचारलेल्या प्रश्नांचा ताण कोवळ्या वयात मोठा असतो आणि एकदा प्रसारित झालेले चित्रण परत घेता येत नाही. 2021 साली टेनिसपटू नाओमी ओसाका यांनी मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन फ्रेंच खुल्या स्पर्धेतील पत्रकार परिषदा टाळल्या. दंड झाल्यावर त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली. त्यानंतर या युक्तिवादाला बळ मिळाले.

विरुद्ध बाजूचा आक्षेप असा की, खेळाडूपर्यंत जाण्याची वाट संस्थेच्या हाती एकवटली तर निकृष्ट भोजन, निवडीतील पक्षपात किंवा छळ यांविषयी बोलण्याची संधीच विद्यार्थ्याला मिळत नाही. खेळाडूच्या स्वतःच्या खात्यावरील मजकुरात प्रतिप्रश्न विचारणारे कोणी नसते. त्यामुळे तो मजकूर स्वतंत्र वार्तांकनाची जागा घेऊ शकत नाही, असे पत्रकार मानतात. खेळाडूचे संरक्षण आणि संस्थेच्या प्रतिमेचे संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या चर्चेतील कळीचे सूत्र आहे.

हेही पहा

खाशाबा जाधव
कविता राऊत
दिव्या देशमुख
नंदुरबार जिल्हा
आश्रमशाळा
खासगीपणाचा हक्क