कागदी रणगाड्यातली अठरा माणसे

दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे. त्यात बुरुजापेक्षा मावळा मोठा, आणि महाराज तर तटबंदीहून उंच! तरी कुणाची तक्रार नसते. इथल्या ‘कार्टोनमोडेलबाउ’चे, म्हणजे कागदी प्रतिकृती करण्याच्या छंदाचे, शास्त्र नेमके उलटे. १:२५ म्हटले की सगळेच पंचवीस पटींनी लहान, त्यात सवलत नाही. गेल्या हिवाळ्यात लेकीबरोबर मी या प्रमाणात पहिला जर्मन रणगाडा ‘ए-७-व्ही’ करायला घेतला. “घरात रणगाडा कशाला? कोलोनचे चर्च करा की,” असे सौ.चे म्हणणे होते. ते अगदीच चूक नव्हते.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांनी जगात प्रथम रणगाडे उतरवले आणि जर्मन युद्धखाते खडबडून जागे झाले. काम योसेफ फोल्मर या अभियंत्याकडे आले. ‘ए-७-व्ही’ हे नावही युद्धखात्यातल्या सातव्या, वाहतूक विभागाच्या आद्याक्षरांवरून पडले; आपल्याकडच्या सरकारी फाइलीवर शोभेल असे. फोल्मरने हॉल्ट ट्रॅक्टरच्या साखळीपट्ट्यांचे तंत्र घेतले आणि त्यावर पोलादी पेटी चढवली. जुळणी बर्लिनजवळ मारिएनफेल्डच्या डाइमलर कारखान्यात झाली. चिलखती पत्रे पुरवणाऱ्यांपैकी एक होता एसेनचा क्रुप. ड्युसेलडॉर्फहून एस-६ने एसेनला जाताना ‘एसेन-ह्युगेल’ स्टेशन लागते ना, तिथला प्रचंड वाडा या क्रुप घराण्याचाच.

रणगाडे तयार झाले फक्त २०. ब्रिटिशांचे एकट्या ‘मार्क-४’ जातीचेच हजाराच्या वर होते. जर्मन सैन्याने स्वतःच्या रणगाड्यांपेक्षा शत्रूकडून पकडलेलेच अधिक वापरले.

आता आमच्या टेबलावर येऊ. मूळ लांबी सुमारे ७.३ मीटर, म्हणून प्रतिकृती २९ सेंटिमीटर. रुंदी १२, उंची १३. पुढच्या बाजूचे ३० मिलिमीटरचे चिलखत म्हणजे १.२ मिलिमीटरचा पुठ्ठा. गाडी क्रमांक आधी ठरवावा लागतो, कारण हे रणगाडे एकसारखे नव्हते. काहींची बाजू एकसंध पत्र्याची, तर काहींची तुकडे जोडलेली. पट्टे चिकटवून टेबलावर ठेवल्यावर दोष लगेच दिसतो. पोट जमिनीला टेकायला आलेले! प्रत्यक्षात ते काही ठिकाणी जेमतेम २० सेंटिमीटर वर होते, आणि वजन ३० टनांच्या पुढे. खंदक आणि तोफगोळ्यांच्या खड्ड्यांनी चाळण झालेल्या जमिनीवर हे धूड अडकणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग लेकीने विचारले, “बाबा, माणसं कुठे बसायची?” आम्ही पुठ्ठ्याची सात-सात सेंटिमीटरची अठरा माणसे कापली. कमांडर, चालक, दोन मेकॅनिक, तोफेवर दोन, सहा मशीनगनींवर बारा. मध्यभागी १०० अश्वशक्तीची दोन इंजिने, चालक आणि कमांडर त्यांच्या डोक्यावर. उरलेले भिंतीला चिकटून. इंजिनांची धग, धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज सोसत ही माणसे तासन् तास आत राहत. वेगवेगळ्या दलांतून आणलेली, एकमेकांना नीट न ओळखणारीही. अठरावा पुठ्ठा काही केल्या मावेना. लेक बराच वेळ काही बोलली नाही. तोवर हे तिच्यासाठी खेळणे होते.

२४ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोन्यू येथे रणगाड्यांची एकमेकांशी पहिली लढाई झाली. ‘निक्स’ या ए-७-व्हीने दोन ब्रिटिश रणगाडे जखमी करून मागे पाठवले, त्या दोघांवर फक्त मशीनगनी होत्या. तिसऱ्यावर तोफ होती. त्याने निक्सला टिपले. त्याच दिवशी ‘मेफिस्टो’, क्रमांक ५०६, खड्ड्यात अडकला. जुलैत ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तो ओढून नेला.

वीसपैकी उरलेला हा एकमेव, तोही ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये. काखेत ब्रिटिश रणगाडा मारून पळणारा लाल सैतान त्याच्या अंगावर रंगवलेला आहे. जर्मनीत मूळ रणगाडा एकही नाही. मुंस्टरच्या रणगाडा संग्रहालयात आहे ती ‘वोटान’ची पूर्णाकृती प्रतिकृती, बरीचशी मेफिस्टोवरून बेतलेली. जाणार असाल तर सांभाळा: हे ल्युनेबुर्गर हाइडेजवळचे मुंस्टर, आपल्या शेजारचे म्युन्स्टर नव्हे. आणि सुटीत महाराष्ट्रात असाल तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे त्याच काळातली रोल्स-रॉइस चिलखती मोटार पाहता येते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मनांना ज्या छावणीत डांबले होते, तीही नगरचीच.