निवेदनात राहून गेलेलं नाव

सातवीतल्या गॅदरिंगला आपण ‘अलबत्या गलबत्या’ केलं होतं, आठवतं? बाईंनी नागपूरहून छोट्या गाडीने पुस्तक आणलं होतं. प्रत एकच, म्हणून आम्ही तिघींनी ते वहीत उतरवून काढलं. सुरुवात केली ती थेट पात्रांच्या यादीपासून. निवेदन माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक, मंडपवाले, सगळ्यांची नावं मी घेतली. लेखकाचं घेतलंच नाही, कारण वहीत ते नव्हतं.

ते नाव होतं रत्नाकर मतकरी.

मतकरींचा जन्म १९३८ चा, मुंबईचा. ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. अर्थशास्त्राची पदवी घेऊन १९५८ मध्ये ते बँक ऑफ इंडियात लागले आणि वीस वर्षं तिथे नोकरी केली. दिवसा बँक, उरलेल्या वेळात नाटक. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुलांसाठी रंगमंचावर आणलेलं ‘मधुमंजिरी’ त्यांचंच. १९६२ मध्ये त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही त्यांची नाटकं पुढे गावोगावच्या शाळांत पोचली. पत्नी प्रतिभा मतकरी या कामात कायम सोबत होत्या.

मोठ्यांसाठीही त्यांनी भरपूर लिहिलं: ‘लोककथा ७८’सारखं नाटक, गूढकथा, दूरदर्शन मालिका. आणि वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास स्वतःच्या कथेवर पटकथा लिहून ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. २०१३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाच्या हातून गुन्हा घडतो आणि आईवडील त्याचं भविष्य वाचवायला तो झाकू पाहतात, अशी ती गोष्ट. बालनाट्यातली चेटकीण लांबूनही ओळखू येते. इथला दुष्टपणा चांगल्या कपड्यांत, दिवाणखान्यात बसलेला आहे. मला वाटतं, दोन्हीकडे मतकरींना चिंता एकच होती, आपण मुलांच्या हाती काय देतो याची.

२०१८ मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ नव्याने रंगभूमीवर आलं. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चिंची चेटकीण आता वैभव मांगले करत होते. पुण्यात मी मुलीला घेऊन गेले. प्रयोगाआधी लेखकाचं नाव पुकारलं गेलं आणि इतक्या वर्षांनी मला माझं निवेदन आठवलं. मुलगी हसून हसून लाल झाली होती. मी मात्र थोडी ओशाळले. आमच्या कामात प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी कोणी बदलली याची नोंद राहते. इथे अख्खं नाटक घेतलं आणि नाव टाकून दिलं.

त्याच वर्षी मतकरींना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मे २०२० मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांना पत्र लिहायचं माझ्या मनातच राहिलं.

म्हणून एक विनंती. या संमेलनात जुन्या नाटकातला एखादा प्रवेश पुन्हा करायचं चाललं आहे. चेटकीण कोणीही व्हा, पण निवेदन मलाच द्या. या वेळी पहिलं नाव लेखकाचं घेईन.