दुधाचे दात आणि शिकाऊ हात



कामगार संघटनेच्या माणसाने दातांवर काय बोलावयाचे, असा प्रश्न बाहेरची पाटी वाचून पुष्कळांना पडला असेल. मी दंतवैद्य नाही. कॉलेजची पायरीही कधी चढलो नाही. जे काही वाचले ते रात्री युनियनच्या कचेरीत बसून वाचले. परंतु शिकाऊ उमेदवाराने कशावर हात बसवावा, हा आमच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. सुतार फळकुटावर शिकतो, फिटर भंगारातल्या तुकड्यावर शिकतो. तुकडा वाया गेला तर मुकादम शिव्या देतो, तुकडा रडत नाही. दंतवैद्यकाचा विद्यार्थी आधी नकली दातांवर शिकतो हे खरे, पण शेवटी त्याला जिवंत तोंडात हात घालावा लागतो. आणि ते तोंड बहुधा गरिबाच्या पोराचे असते, कारण कॉलेजच्या इस्पितळात फुकट किंवा थोडक्या पैशांत काम होते. या व्यवहाराचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

मुलांच्या दातांकडे जगानेच फार उशिरा पाहिले. दुधाचा दात पडणारच आहे, मग त्याच्यावर खर्च कशाला, हा हिशेब वसईच्या वाडीत आणि युरोपातल्या शहरात सारखाच होता. फ्रान्समध्ये रॉबेर ब्यूनों याने १७४३ साली दंतरोगांवर पुस्तक लिहून मुलांच्या दातांकडे लक्ष वेधले, पण त्याने धंद्याची रीत बदलली नाही. वस्तुस्थिती अशी की दुधाचे दात वीस. ते साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन पुरे होतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतात. दाढ अवेळी काढली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मागाहून येणारा दात वाकडा येतो. आणखी एक गोष्ट आयांनी अवश्य ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. तिच्या आधी तेथे काही पडलेले नसते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते. ती किडून गेली तर जन्माची गेली. आपल्या सुकेळीचा मला अभिमान आहे, पण ती दाताला किती चिकटते हे खाणाऱ्याला ठाऊक आहेच. सुकेळी खाल्ल्यावर पोराने चूळ भरावी, एवढेच सांगतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एव्हँजेलीन जॉर्डन या बाईंनी १९०९ पासून फक्त मुलांवर उपचार करण्याचे ठरविले आणि पुढे त्या विषयावर पुस्तकही लिहिले. मला मात्र न्यूझीलंडची हकिकत अधिक मोलाची वाटते. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या जवानांची तोंडे किडलेली निघाली, आणि रोग बालपणीच सुरू होतो हे सरकारला कळले. तेव्हा १९२१ साली वेलिंग्टनमध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळाशाळांत दंतपरिचारिका म्हणून नेमण्यास आरंभ झाला. पदवीधर दंतवैद्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. आपल्या कामात कमी शिकलेला माणूस घुसतो आहे, ही भीती आम्हां युनियनवाल्यांना समजते. पण पोरांच्या दाढा त्या मुलींनीच राखल्या, हेही नाकारता येत नाही.

आपल्याकडे या शिक्षणाचा पाया कलकत्त्यात पडला. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा येथे शिकून आले आणि १९२० साली त्यांनी देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. सरकारी मदत नव्हती. त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे दुकान चालविले आणि त्याच्या उत्पन्नावर कॉलेज पोसले. गोड सरबताच्या पैशावर दातांची विद्या! त्या कॉलेजात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. मुंबईत नायर इस्पितळाचे दंतमहाविद्यालय १९३३ चे. आज ते मुंबई महानगरपालिका चालविते. आपल्यापैकी कित्येकांनी पोराला घेऊन विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून तेथील रांग पाहिली असेल.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात शिक्षित दंतवैद्य साऱ्या देशात सुमारे एक हजार, म्हणजे तीन लाख माणसांमागे एक, असा हिशेब आहे. मग मुलांसाठी वेगळा माणूस कोठून आणणार? १९४८ चा दंतवैद्य कायदा झाला, १९४९ साली परिषद नेमली गेली, आणि शिक्षणाला शिस्त आली. तरी बालदंतशास्त्र बराच काळ वाकडे दात सरळ करण्याच्या विषयाच्या पदराला बांधलेले होते. १९७९ साली बालदंतवैद्यांनी स्वतःची अखिल भारतीय संघटना स्थापन केली. संघटना झाल्यावाचून वाटा मिळत नाही, हे डॉक्टरांनाही कळले म्हणावयाचे. आज हा विषय पदवीच्या शेवटच्या वर्षात स्वतंत्रपणे शिकवितात आणि त्यात तीन वर्षांची पदव्युत्तर पदवीही आहे.

पण शिकवितात काय? पोकळी कोरणे आणि सिमेंट भरणे हे हाताचे काम. ते मोठ्यांच्या दातावरही शिकता येते. कठीण आहे ते मूल. मोठा माणूस दुखले तरी खुर्चीत बसून राहतो, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा खाडा परवडत नाही. मूल असा हिशेब करीत नाही, ते तोंड मिटून घेते. एके काळी अमेरिकी पाठ्यपुस्तकांतही ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत शिकविली जाई; तिकडच्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली ती २००६ साली. दुसरी रीत १९५९ साली अॅडलस्टन यांनी मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. हवेचा फवारा आधी मुलाच्या हातावर सोडावा, यंत्राचा आवाज ऐकवावा, आणि मगच तोंडाकडे वळावे. चांगला मिस्त्री नव्या पोराला मशीनजवळ नेतो तो असाच.

या रीतीला वेळ लागतो, आणि विद्यार्थ्याला वेळ कोठे असतो? त्याच्या वहीत ठरलेली कामे भरावी लागतात. न भरल्यास परीक्षा अडते. नालासोपाऱ्याच्या एका वॉचमनने मला सांगितले की त्याच इमारतीत राहणारी एक विद्यार्थिनी त्याच्या मुलाला स्वतः रिक्षाने नेत असे, येण्याजाण्याचे पैसेही तीच देई, कारण तिला एक दाढ कमी पडत होती. मुलाची दाढ वाचली, मुलीची वही भरली. व्यवहार वाईट नाही. परंतु वही भरल्यानंतर त्याच मुलाच्या दुसऱ्या दाढेला कोण विचारतो, हे मी त्या वॉचमनला विचारले, तेव्हा तो हसला. वालीवच्या एका कारखान्यात मुलाच्या दाढेसाठी रजा मागणाऱ्या बाईला, दात काय आजच दुखतो काय, असे सुनावून अर्ज परत केला होता. रांगेत उभे राहण्याचा पगार तिचा, शिकण्याचा लाभ दुसऱ्याचा. निदान काम तरी पुरे व्हावे, एवढी मागणी जास्त नाही.

पदवीनंतरच्या सक्तीच्या वर्षात बालदंत विभागाच्या वाट्याला एक महिना येतो आणि समाजात जाऊन काम करण्यास तीन महिने. २०२३ साली संसदेने १९४८ चा कायदा बाजूला सारून राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला आहे. देशात दंतमहाविद्यालये तीनशेहून अधिक झाली, बहुतेक खाजगी. त्या तीन महिन्यांतले काही दिवस जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत आणि आपल्या मिठागरांच्या वस्त्यांत घालवावेत, आणि एकदा उघडलेले तोंड पुरे होईपर्यंत त्याच विद्यार्थ्याच्या नावावर ठेवावे, असा ठराव आमच्या युनियनने केला आहे. तो अर्ज टाईप होऊन तयार आहे. सह्या करावयाच्या असतील त्यांनी जाताना दाराजवळच्या टेबलापाशी थांबावे.