पिला हाऊसची रात्र

साल 1915. मुळशीकडच्या चांद्याहून तुम्ही पहाटेच निघालात. डोक्यावर आंबेमोहोराचं गाठोडं, फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या आणि ठेचा. नांदे मागे पडलं, सूसची खिंड ओलांडली, पाषाण येईतो ऊन चढलं. पुण्याला तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून तुम्ही बोरघाट उतरता. तुमचा चुलता मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. त्याच्या खोलीत आधीच इतकी माणसं, की पाळीपाळीनं पाठ टेकायची. शहरात तुम्हाला कुणी नावानं हाक मारत नाही, ‘घाटी’ म्हणतात.

पगार झालेला असतो. चुलता म्हणतो, “चल रं पोरा, पिला हाऊसला बापूरावाचा फड लागलाय. त्यो न ऐकता माघारी गेलास, तर गावात काय सांगशील?”

पिला हाऊसच्या थेटरात विड्यांचा धूर आणि गिरणीतून थेट आलेल्या अंगांचा घाम. तुम्हाला दाटीवाटीत जागा मिळते ती ढोलकीवाल्याच्या अगदी समोर. तो शाईवर बोट फिरवतो, कड्या सरकवून दोरी आवळतो, थाप मारून कान लावतो, मान हलवतो, पुन्हा आवळतो. सूर जुळल्याचं तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मग हलगी कडाडते. गण होतो. गौळणीत मावशी कृष्णाशी हुज्जत घालते आणि अख्खं थेटर हसतं.

मग पवळा येते. संगमनेरकडच्या हिवरगावची, महाराची लेक. तिच्या पायातले चाळ वाजले की मागच्या बाकावरची माणसं उभी राहतात. ती ओळ उचलते, तुणतुणं धरलेले झीलकरी ‘जी जी’ करून ती झेलतात, आणि ती तीच ओळ पुन्हा घेते, पण डोळ्यांनी तिचा अर्थ पार बदलून. तुम्हाला वाटतं ती तुमच्याकडेच बघतेय. शेजारच्यालाही तसंच वाटतंय.

फेटा बांधलेला, पन्नाशीला टेकलेला तो माणूस म्हणजे पठ्ठे बापूराव. मूळचा श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी, जन्म 1866चा, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. पोरवयात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तो लावणीच्या चालीवर बसवायचा, असं सांगतात. घरात कुलकर्णीपण होतं, दप्तर होतं, गावात मान होता. ते सगळं टाकून हा ब्राह्मण महार-मांगांच्या फडात जाऊन बसला. त्या काळी याचा अर्थ काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. तुमच्या गावातही पाणवठे वेगळे आहेत. जातीनं त्याला पंक्तीतून उठवलं. पुढे याच माणसाचा ‘मिठाराणी’चा वग छत्रपती शाहू महाराजांसमोर झाला.

आता तो मुंबईचं वर्णन लावतो. ज्या रस्त्यांवरून चुलता रोज पाठीवर पोती वाहतो, तेच शहर ढोलकीच्या ठेक्यावर समोर उभं राहतं. माझ्या मते बापूरावांचं खरं मोठेपण इथं आहे. शृंगार अनेक शाहिरांनी बांधला, आणि उत्तम बांधला. पण घाट उतरून आलेल्या, शहरात बिननावाच्या झालेल्या माणसाला ‘ही मुंबई तुझीही आहे’ असं वाटायला लावणारं कवन याच माणसानं दिलं. चुलत्याचा हात तुमच्या खांद्यावर ठेका धरतो. पण सहाच वर्षांनी, 1921च्या रामनवमीला, तुमच्या चांद्याच्या वरच्या अंगाला मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू होईल. मुळशी पेट्यातली भाताची खाचरं बुडतील ती याच शहराला वीज पुरवायला.

शेवटचं कडवं आलं. त्यात शाहिरानं आपलं नाव गुंफलंय. नीट ऐका, कारण त्याच्या हाती एवढंच आहे. कवन फडातून फडात तोंडी जातं, चाल कुणीही उचलतो, तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थेटरवाल्याकडे जातो. शेवटच्या ओळीतलं नाव हाच त्याचा सातबारा. लावण्या लाखांवर रचल्या असं त्याचे चाहते छातीठोकपणे सांगतात. छापात आल्या त्या फार थोड्या. बाकीच्या गाणाऱ्यांबरोबर गेल्या.

पवळेला मात्र ती शेवटची ओळही नाही. शब्द बापूरावांचे, पण ते पिला हाऊसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवले तिच्या गळ्यानं आणि पायांनी. ती फडातून गेली आणि फडाला उतरती कळा लागली. बोलपट आले, तसं बाहेर तिकिटाला उभी राहणारी रांगही तिकडे वळली.

आता तीस वर्षं पुढे या. 22 डिसेंबर 1945, पुणे. बापूराव गेले, एकोणऐंशी वर्षांचे होऊन, हातात पैसा नसताना. तुम्ही त्या दिवशी तांदूळ घेऊन मंडईत आलेले आहात आणि बातमी तुम्हाला एका हमालाकडून कळते. तुम्ही त्याला मुंबईच्या लावणीतलं एक कडवं म्हणून दाखवता. “तसं न्हवं पाव्हणं,” म्हणत तो पोतं खाली ठेवतो आणि पवळा ते कसं घ्यायची हे तुम्हाला शिकवू लागतो.