अन्नसमित्यांवरील मजूर-प्रतिनिधि : इंग्लंड, १९१७-१८

‘प्रतिनिधि’ हा शब्द मराठी दप्तरांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. राजाराम महाराजांनीं जिंजीस प्रल्हाद निराजींस हें पद दिलें. म्हणजे ज्याचा प्रतिनिधि, त्यानेंच तो नेमला. मीमांसकांचा प्रतिनिधि निराळा. सोमाच्या अभावीं पूतीक घ्यावा असें ते सांगतात. तेथें सोमास कोणी विचारीत नाहीं! पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांतील मजुरांपुढें जो प्रश्न पडला, तो या दुसऱ्या प्रकारचा होता.

जर्मन पाणबुड्यांमुळें १९१७ सालीं तेथें धान्य व साखर यांची टंचाई झाली. अन्ननियंत्रक लॉर्ड ऱ्होंडा यांनीं त्या वर्षीच्या ऑगस्टांत गांवोगांवच्या स्थानिक सभांस अन्ननियंत्रण-समित्या नेमावयास सांगितलें. सभासद बारांहून अधिक नसावे, त्यांत निदान एक स्त्री व एक मजूर-प्रतिनिधि असावा, असा नियम होता. परंतु तो मजूर-प्रतिनिधि निवडावयाचा कोणीं? स्थानिक सभेनें. या सभांतून दुकानदार व शेतकरी यांचें वजन मोठें. तेव्हां भाव ठरविणारे आणि माल विकणारे पुष्कळ ठिकाणीं एकाच बांकावर बसले. मजूर-संघांनीं कुरकुर केली ती नियमांतील ‘एक’ या संख्येबद्दल होतीच, पण नेमणुकीच्या हक्काबद्दलही होती. आणि माझ्या मतें दुसरी तक्रार अधिक मार्मिक होती. त्या हिवाळ्यांत दुकानांपुढील रांगा लांबल्या, तसा तिला जोर चढला.

जानेवारी १९१८ मध्यें ग्राहक-मंडळ स्थापन झालें. त्यावर मजूर-संघांनीं व सहकारी संस्थांनीं आपापलीं माणसें धाडलीं. दादाभाईंचे स्नेही व हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिणारे हिंडमन हेही त्यावर होते. मात्र हें मंडळ केवळ सल्लागार! निवड मजुरांची, तेथें अधिकार नाहीं. अधिकार होता त्या समित्यांत निवड दुसऱ्याची. जुलै १९१८ मध्यें ऱ्होंडा वारल्यावर दहाव्या वर्षीं ओल्डहॅमच्या गिरणींत कामास लागलेले क्लाइन्स स्वतः अन्ननियंत्रक झाले, ही गोष्ट निराळी. तीही नेमणूक वरूनच झालेली.

या समित्यांचीं कांहीं इतिवृत्तें तेथील स्थानिक दप्तरखान्यांत आहेत. तीं चाळणाऱ्यानें नांवापुढील ‘मजूर’ या शब्दावर न थांबतां तें नांव कोणीं सुचविलें तें आधीं पाहावें.