वर्ग सुटल्यानंतरचे महाविद्यालय

माझ्या पुतणीने यंदा महाविद्यालय निवडताना विचारले, "काका, वर्ग सुटल्यावर तिथे करायचे काय?" तिच्या यादीतल्या पहिल्या महाविद्यालयात म्हणे पार्ट्या, वाढदिवस आणि हॉटेल एवढीच मिसळण्याची वाट. खिशात पैसे नसलेला किंवा ज्याला त्या धांगडधिंग्यात रस नाही असा विद्यार्थी तिथे एकटा पडतो. प्रश्न पोरकट नाही. बाकावरची जागा कायद्याने मिळते. शेजारी बसून बोलणारा माणूस कायदा देत नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. परक्या मुलखात त्यांना वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली आणि ती मैत्री पुढे जन्मभर टिकली. सोबतीचे मोल त्यांना ठाऊक होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत, आणि विद्यार्थ्यांची संसदही होती. वाद घालायला वर्गणी लागत नाही.

पण या बाबतीत खरा विचार करावा तो औरंगाबादचा. निजामी राजवटीत पदवीसाठी मराठवाड्यातल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. महाविद्यालयाला नाव मिळाले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन उत्तरे देणारा भिक्खू. दोन माणसांच्या संभाषणावरून नाव घेतलेली महाविद्यालये आपल्याकडे किती?

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. पुराणकाळापासूनचा अस्पृश्याचा प्रवास त्यात आहे. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. नाटकाला तालीम लागते. तालमीला नट लागतात, पडद्याआडून शब्द सांगणारा लागतो, दिवाबत्ती पाहणारा लागतो. लाजरा मुलगाही तिथे कोणीतरी होतो. त्याच्या बापाची ऐपत कोणी विचारत नाही. पुढे गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये मराठी शिकवू लागले आणि त्यांच्याभोवती लिहू पाहणारी मुले जमली. दलित साहित्याच्या इतिहासात या संध्याकाळची नोंद कमी आहे, पुस्तकांची जास्त. मला ते उलटे वाटते.

कोणी म्हणेल, ही आपल्याच माणसांत बंद झालेली वस्ती होती. मिलिंदचे दार सर्व जातींना खुले होते. आणि जिथे आधी घाबरल्याशिवाय बोलता येते, तिथूनच माणूस परक्या सभेत उभा राहायला शिकतो.

पुतणीने यादीतले पहिले नाव खोडले आहे. दुसऱ्या ठिकाणी ती उद्या जाणार आहे. ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होते आणि नाटकाच्या तालमीला पहिल्या वर्षाच्या मुलींना घेतात का, एवढे दोन प्रश्न तिने वहीत लिहून ठेवले आहेत.